बाहेरून आलेली वस्तू म्हणजे परग्रहावरचं यानच का? मुलांना काय सांगावं?

मृण्मयी रावपुरा | १६ जानेवारी २०२६, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी दर महिन्याला विज्ञानाच्या गप्पा असतात. पुढच्या वेळचा विषय मुलांनीच निवडलाय: थ्री-आय अ‍ॅटलास. सूर्यमालेबाहेरून आलेली, आपल्याला सापडलेली तिसरी वस्तू. विषय त्यांनी निवडला याचा फार आनंद झाला, पण त्यांनी पाठवलेले प्रश्न वाचून काळजी वाटली. यानात कोण असेल? ते पृथ्वीवर का उतरलं नाही? नासा काय लपवतंय? बहुतेक सगळे प्रश्न असेच. हा धूमकेतू असेल का, असं एकानेही विचारलेलं नाही.

माझं मत आधीच सांगते. तो धूमकेतू आहे आणि त्याचे पुरावे भरपूर आहेत. पण मुलांसमोर उभं राहून "खोटं आहे, विसरून जा" म्हणायला माझं मन घेत नाही. असं सांगितलं की मूल गप्प बसतं, पटत मात्र नाही. त्यातून उत्तरायणला गच्चीवर मोठी माणसंही हेच म्हणत होती: "हार्वर्डचा प्राध्यापक सांगतोय, म्हणजे काहीतरी असणारच." (ते प्राध्यापक म्हणजे अवी लोएब, ही वस्तू यान असू शकेल असं म्हणणारे.)

या वाक्याला तुम्ही काय उत्तर द्याल? आपल्या बडोद्यात खगोलाची आवड असलेले बरेच जण इथे आहेत, म्हणून विचारते.

दांडियाबाजारकर | रात्री ९.५२

रुमाल टाकून ठेवतो. उरलेला उंधियू गरम करतो आणि येतो.

निमिष अलकापुरी | रात्री १०.२०

ताई, मुलांपुढे आधी तिन्ही पाहुण्यांची ओळख करून द्या. यानाची गोष्ट एकट्या वस्तूभोवती छान रंगते. तिघं शेजारी उभे केले की चित्र वेगळं दिसतं.

पहिला औमुआमुआ. १९ ऑक्टोबर २०१७ रोजी हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीला सापडला. तोवर तो सूर्याला वळसा घालून आणि पृथ्वीजवळून जाऊन परत निघाला होता. शेपूट नाही, आकार काहीशे मीटरच्या आत, आणि उजेड काही तासांत दहापट कमीजास्त व्हायचा, म्हणजे आकार फार लांबट किंवा फार चपटा.

दुसरा बोरिसोव्ह. ३० ऑगस्ट २०१९ रोजी क्रिमियात गेन्नादी बोरिसोव्ह या हौशी निरीक्षकाने स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून शोधला. सरळसरळ धूमकेतू, शेपटीसकट. त्याला कुणी यान म्हटलं नाही, म्हणून तो कुणाच्या लक्षातही राहिला नाही. माझ्या मते तिघांतला सगळ्यात सुंदर शोध हाच आहे. हौशी माणसाने घरच्या दुर्बिणीतून दुसऱ्या ताऱ्याकडचा धूमकेतू पकडला, हे मुलांना नक्की सांगा.

तिसरा अ‍ॅटलास. १ जुलै २०२५, चिलीतली दुर्बीण. सूर्यापासून फार दूर असतानाच त्याचा वेग सेकंदाला ५८ किलोमीटर होता. म्हणजे बडोद्याहून अहमदाबादला दोन सेकंदांत! सूर्याचं गुरुत्वाकर्षण इतक्या वेगवान वस्तूला बांधून ठेवू शकत नाही, म्हणून ती बाहेरून आली हे ठामपणे म्हणता येतं. कक्षेची विकेंद्रता, म्हणजे ती वर्तुळापासून किती ताणलेली आहे हे सांगणारा आकडा, ६ च्या वर आहे. १ च्या पुढे गेलं की वस्तू परत फिरत नाही.

आणि घराजवळची गोष्ट. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने नोव्हेंबरमध्ये माउंट अबूच्या १.२ मीटर दुर्बिणीतून त्याचा वर्णपट घेतला, म्हणजे त्याचा प्रकाश रंगारंगांत वेगळा करून त्यात कोणते पदार्थ आहेत ते पाहिलं. त्यात सायनोजेन आणि कार्बनच्या रेणूंच्या त्याच खुणा मिळाल्या, ज्या आपल्या सूर्यमालेतल्या धूमकेतूंत मिळतात.

शेखरकाका मांजलपूर | रात्री १०.४८

निमिषभाई, सगळं मान्य. पण औमुआमुआचं एक सांग. त्याला शेपूट नव्हती, वायू दिसला नाही, तरी तो सूर्यापासून दूर जाताना हिशेबापेक्षा जास्त वेगाने गेला. हे मी म्हणत नाही, २०१८ साली नेचर या विज्ञान नियतकालिकात छापून आलंय. ढकललं कुणी? अवी लोएब हार्वर्डच्या खगोलशास्त्र विभागाचे अनेक वर्षं प्रमुख होते. त्यांनी विचारलं की सूर्यप्रकाशाने ढकललं जाणारं पातळ शीड असेल का, तर सगळे अंगावर धावले. प्रश्नसुद्धा विचारायचा नाही का? विज्ञानवाल्यांची ही "आधी नाही म्हणा" सवय मला खटकते, आणि मुलांनी ती उचलू नये असं मनापासून वाटतं.

कारेलीबागची सून | रात्री १०.५५

काकांना +१. प्रश्न विचारलाच पाहिजे. पण उत्तर आल्यावर ऐकलंही पाहिजे.

अनुया (मूळ बडोदा, सध्या पुणे) | रात्री ११.३०

शेखरकाका, प्रश्न उत्तम आहे आणि त्याला पूर्ण उत्तर हवं.

धूमकेतूंना असा जास्तीचा धक्का बसणं ही जुनी गोष्ट आहे. हॅलेचा धूमकेतू निव्वळ गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबापेक्षा दर फेरीत सुमारे चार दिवस उशिरा येतो. एन्केचा धूमकेतू दर फेरीत काही तास लवकर येतो, हे एन्केच्याच लक्षात आलं होतं, एकोणिसाव्या शतकात. उन्हाने बर्फाची वाफ होऊन ती एका बाजूने सुटते आणि उलट्या बाजूला ढकलते. तेव्हा धक्का बसणं नवीन नव्हतं. धक्का आहे पण वायू दिसत नाही, हे नवीन होतं.

धक्का होता तरी किती? पृथ्वीइतक्या अंतरावर वेगात एका मीटर प्रति सेकंदाची भर पडायला दोन दिवसांहून जास्त लागतील, एवढाच. इतक्या लहान वस्तूला थोडासा वायूही पुरतो, आणि धूळ नसलेला वायू दुर्बिणीला सहज दिसत नाही. मग कोणता वायू? कुणी म्हटलं गोठलेला हायड्रोजन, कुणी २०२१ मध्ये गोठलेला नायट्रोजन सुचवला, प्लूटोवर असतो तसा. २०२३ मध्ये जेनिफर बर्गनर आणि डॅरिल सेलिगमन यांनी साधी बाब मांडली: वैश्विक किरणांच्या माऱ्याने पाण्याच्या बर्फात हायड्रोजन तयार होतो, अडकून राहतो, आणि ऊन लागलं की सुटतो. मला हे सगळ्यात पटतं, कारण त्यासाठी कुठलाही दुर्मीळ पदार्थ लागत नाही.

यातलं कुठलंच शंभर टक्के सिद्ध झालेलं नाही, आणि आता होणारही नाही. औमुआमुआ जेमतेम अडीच महिने दिसला आणि कायमचा गेला. पण शिडाची अडचण आणखी मोठी आहे. लोएब यांच्या हिशेबाने ते मिलिमीटरहून पातळ हवं. असं शीड उन्हाकडे तोंड करून राहिलं तर ढकललं जाणार. औमुआमुआ तर सात-आठ तासांत एक अशा गिरक्या घेत, वेडावाकडा लोळत चालला होता.

मुलांना हे मोकळेपणाने सांगावं: इथे उत्तर अपुरं आहे. पण अपुऱ्या उत्तराच्या जागेत यान आणून बसवलं की ती जागा भरली असं होत नाही.

दांडियाबाजारकर | रात्री ११.४१

उंधियू संपला, धागा भरात आलाय. अनुयाताई, शेवटचं वाक्य वहीत लिहून घेतलं.

गणिती प्राची | १७ जानेवारी, सकाळी ७.१५

माझा मुद्दा अ‍ॅटलासच्या "योगायोगां"बद्दल. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यात जास्त फिरणारा आकडा असा: त्याची कक्षा ग्रहांच्या पातळीला फक्त पाच अंशांनी कललेली आहे (उलट दिशेने), आणि असं घडण्याची शक्यता ०.२ टक्के. म्हणून ते मुद्दाम ग्रह बघायला आलेलं यान!

आकडा बरोबर आहे. दहावीच्या मुलांकडून करूनही घेता येईल. कक्षेच्या पातळीवर काटकोनात एक काठी उभी आहे असं समजा. ती काठी कुठल्याही दिशेला रोखलेली असू शकते. एका ठरावीक दिशेपासून पाच अंशांच्या आत ती येण्याची शक्यता (१ − कोसाइन ५°) ÷ २. कोसाइन ५° म्हणजे ०.९९६२. उत्तर ०.००१९, म्हणजे ०.२ टक्केच.

आता मुलांना विचारा: ग्रहांच्याच दिशेने फिरत पाच अंशांत आला असता तर? तेही संशयास्पद म्हटलं असतं, म्हणजे शक्यता लगेच दुप्पट. बरोबर काटकोनात आला असता तर? "वरून टेहळणी करतोय" म्हटलं असतं. पृथ्वीजवळून गेला असता तर, गुरूजवळून गेला असता तर, शेपूट नसती तर, शेपूट जास्त असती तर? समजा आपण वीस वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या आणि प्रत्येकीत विचित्र दिसण्याची शक्यता अवघी ५ टक्के. वीसपैकी किमान एक तरी विचित्र निघण्याची शक्यता १ − ०.९५ चा विसावा घात, म्हणजे ६४ टक्के. म्हणून वस्तू पाहिल्यानंतर तिच्यातलं वेगळेपण वेचायचं आणि मग त्याची शक्यता काढायची, या पद्धतीने काहीही सिद्ध करता येतं. काय मोजणार हे आधी ठरवलं असेल तरच त्या ०.२ टक्क्याला अर्थ आहे.

वर्गात हे नुसतं सांगू नका, मृण्मयीताई. करूनच घ्या. स्वतः केलेला हिशेब मुलं विसरत नाहीत.

निमिष अलकापुरी | सकाळी ८.०२

प्राची, अप्रतिम. आणि एक भर. लोएब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलै २०२५ मध्ये यानाची शक्यता मांडणारा जो लेख लिहिला, त्यातच असंही लिहिलंय की सगळ्यात संभाव्य निष्कर्ष म्हणजे ही नैसर्गिक वस्तू आहे, बहुधा धूमकेतू. ते वाक्य एकाही फॉरवर्डमध्ये येत नाही. "हार्वर्डचा प्राध्यापक सांगतोय" म्हणणाऱ्याला माझं पहिलं उत्तर हेच असेल: तो सांगतोय ते सगळं वाचलंत का?

शेखरकाका मांजलपूर | सकाळी ९.१०

प्राचीबेन, हिशेब पटला. पण ऐन सूर्याजवळ असताना, २९-३० ऑक्टोबरला, तो आपल्याकडून बघता सूर्यामागेच कसा होता? आणि मंगळाजवळच्या नासाच्या यानाने २ ऑक्टोबरला काढलेले फोटो १९ नोव्हेंबरपर्यंत बाहेर का आले नाहीत? मधेच रेडिओ संदेश आल्याच्याही बातम्या होत्या.

अनुया (मूळ बडोदा, सध्या पुणे) | सकाळी १०.३५

काका, एकेक घेते.

फोटो: १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर अमेरिकन सरकारचं कामकाज निधीअभावी बंद होतं. नासाचे बहुतेक कर्मचारी घरी होते. उशिराचा राग मलाही आला होता, पण त्याच दिवसांत युरोपच्या मंगळाभोवतालच्या यानाने टिपलेली चित्रं बाहेर आली आणि चीनच्या तियानवेन-१ नेही त्याचे फोटो दिले. लपवायचं असतं तर या सगळ्यांनी मिळून लपवावं लागलं असतं.

सूर्यामागे: आपल्याकडून दिसत नव्हता, तरी सूर्यावर नजर ठेवणारी सोहो, स्टिरिओ आणि गोज-१९ ही याने त्याच्याकडे बघत होती. त्यांच्या चित्रांवरूनच तो झपाट्याने उजळत असल्याचं कळलं.

रेडिओ: ही बातमी वाचून मला वाईट वाटलं होतं, कारण मूळ शोध इतका सुंदर आहे. दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅट रेडिओ दुर्बिणीला २४ ऑक्टोबरला १६६५ आणि १६६७ मेगाहर्ट्झला हायड्रॉक्सिल रेणूच्या रेषा सापडल्या, त्याही शोषणाच्या. म्हणजे तिथून काही प्रक्षेपित होत नव्हतं, उलट त्या लहरी तिथे गिळल्या जात होत्या. पाण्याचा रेणू उन्हाने तुटला की हायड्रॉक्सिल मिळतं. दुसऱ्या ताऱ्याजवळ गोठलेलं पाणी आपल्या सूर्याच्या उन्हात वाफ होऊन सुटतंय, याचा तो पुरावा होता. बातमीत त्याचा "संदेश" झाला.

सावलीकर | दुपारी १२.२०

थोडं अवांतर, पण बडोद्याच्या धाग्यावर हे आलंच पाहिजे. मे २०२२ आठवतोय का? आणंद जिल्ह्यात भालेज, खंभोळज, रामपुरा इथे आकाशातून काळसर धातूचे गोळे पडले. मग खेडा जिल्ह्यात आणि आमच्या सावली तालुक्यातही. मी त्या आठवड्यात गावी होतो. शेताच्या बांधावर ही गर्दी! कुणी म्हणे बॉम्ब, कुणी म्हणे परग्रहावरचं काहीतरी. पोलीस येऊन उभे राहिले तरी लोक हात लावायला पुढे जात होते. माझ्या आजेसासूबाई एवढंच म्हणाल्या, "कुणाच्या डोक्यावर पडला नाही ना? मग बघू काय आहे ते." तज्ज्ञांनी चिनी लाँग मार्च रॉकेटचे अवशेष असावेत असं म्हटलं. त्याच्या महिनाभर आधी, २ एप्रिलला, चंद्रपूरकडे सिंदेवाही तालुक्यात भलीमोठी धातूची कडी पडली होती, तीही तशाच रॉकेटची.

मुलांना हे आठवत नसेल, पण त्यांच्या घरच्यांना आठवतं. आकाशातून यंत्र पडतं, हे खरंच आहे. ते आपणच वर पाठवलेलं असतं!

पतंगप्रेमी | दुपारी १२.४०

सावलीकर, आणि तुक्कल विसरलात. उत्तरायणच्या रात्री आमच्या गल्लीतल्या गच्चीवरून कंदील लावलेला पतंग चढवला की पलीकडच्या सोसायटीतून दर वर्षी कुणीतरी "उडती तबकडी" म्हणून व्हिडिओ काढतंच. यंदा एकाने स्टारलिंक उपग्रहांची रांग बघून "काप्यो छे" ओरडून घेतलं!

कारेलीबागची सून | दुपारी १२.४४

हसून हसून पुरेवाट! इतकी लांब शेपटी असलेला पतंग कोण सोडेल?

निमिष अलकापुरी | दुपारी २.०५

सावलीकरांच्या आठवणीतून माझा सगळ्यात आवडता मुद्दा निघतो. मानवनिर्मित वस्तू आकाशात भटकत असेल तर खगोलशास्त्रज्ञांना ती ओळखता येते का? येते, आणि ओळखलीही आहे.

सप्टेंबर २०२० मध्ये त्याच पॅन-स्टार्स दुर्बिणीला एक लघुग्रह सापडला. नाव दिलं २०२० एसओ. त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी फारच मिळतीजुळती होती, आणि सूर्यप्रकाशाच्या दाबाने तो दगडाला शोभणार नाही इतका ढकलला जात होता, म्हणजे आकाराच्या मानाने हलका, पोकळ. शास्त्रज्ञांनी कक्षा मागे नेत नेत तपासली, ती १९६६ पर्यंत पोहोचली. सर्व्हेअर-२ चंद्राकडे पाठवणाऱ्या सेंटॉर रॉकेटचा वरचा टप्पा! मग वर्णपट घेतला, तो पोलादाशी जुळला. अवकाशात आधीपासून फिरत असलेल्या दुसऱ्या सेंटॉरशीही जुळवून बघितला. तेव्हा कुठे ठामपणे सांगितलं. जानेवारी २०२५ मध्येही असंच झालं: नव्या लघुग्रहांच्या यादीत घेतलेली एक वस्तू एलॉन मस्कने २०१८ मध्ये सोडलेली मोटार निघाली आणि यादीतून काढली.

शेखरकाका, म्हणून "आधी नाही म्हणतात" हे मला पटत नाही. पुरावा मिळाला तेव्हा हेच लोक आनंदाने "हो, हे यंत्र आहे" म्हणाले.

शेखरकाका मांजलपूर | दुपारी ३.३०

२०२० एसओ मला माहीत नव्हतं. फार आवडलं. मग माझा प्रश्न बदलतो. परक्या ताऱ्याकडून आलेली वस्तू यान आहे असं तुम्ही कशाने मानाल? ते आधीच सांगा. प्राचीबेन म्हणते ना, काय मोजणार ते आधी ठरवा. मग दोन्ही बाजूंनी ठरवू.

गणिती प्राची | दुपारी ३.४१

काका, हा धाग्यातला सर्वोत्तम प्रश्न. 🙏

निमिष अलकापुरी | संध्याकाळी ५.१५

खरंच. माझं उत्तर असं. वायू न सोडता वळणं, तेही एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. अगदी अरुंद पट्ट्यातला रेडिओ संदेश, जसा निसर्गात कुठेच तयार होत नाही. औमुआमुआकडे डिसेंबर २०१७ मध्ये ग्रीन बँक रेडिओ दुर्बीण लावून ऐकलं होतं, काही मिळालं नाही. मिश्रधातूशी जुळणारा वर्णपट. यातलं एकही ठोस मिळालं तर मी सगळ्यात आधी इथे येऊन लिहीन.

अ‍ॅटलासकडून काय मिळालं? जेम्स वेब दुर्बिणीला ऑगस्टमध्ये पाण्याच्या जवळपास आठपट कार्बन डायऑक्साइड दिसला. असा धूमकेतू विरळाच, तेव्हा तो वेगळा आहे हे नक्की. निकेलची वाफ दिसली, लोखंड आधी दिसलं नाही, त्यावरून "कारखान्यातलं निकेल" असा बोभाटा झाला. पण निकेलची वाफ बोरिसोव्हमध्येही मिळाली होती, आणि आपल्या सूर्यमालेतल्या धूमकेतूंतही मिळते.

आणि तोल राखायचा तर दुसरी बाजूही मुलांपुढे ठेवा. लोएब यांनी २०२३ मध्ये पापुआ न्यू गिनीजवळ समुद्रतळाशी २०१४ च्या एका उल्केचे कण शोधले. उल्का कुठे पडली हे ठरवताना एका भूकंपमापकाच्या नोंदीचाही आधार घेतला होता. नंतर दुसऱ्या गटाने दाखवलं की तो थरथराट बहुधा जवळच्या रस्त्यावरच्या ट्रकचा होता. दावा कुणी केला यापेक्षा तो तपासता येतो का, हे महत्त्वाचं. मोठ्या विद्यापीठातल्या माणसाचा दावाही तसाच तपासला जातो, हे मुलांनी बघावं.

दांडियाबाजारकर | संध्याकाळी ५.२२

बिचारा ट्रक!

मृण्मयी रावपुरा | रात्री ८.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. दिवसभर वाचत होते.

आता ठरवलंय. तीन पाहुण्यांची ओळख, मग प्राचीचा कोसाइनचा हिशेब फळ्यावर मुलांकडूनच, मग २०२० एसओची गोष्ट कोडं म्हणून: एवढी माहिती दिली तर ही वस्तू काय असेल, ओळखा. अनुयाताई, हायड्रॉक्सिलच्या त्या दोन रेषांचा आलेख सोप्या रूपात काढून पाठवाल का? हा धूमकेतू बहुधा आपल्या सूर्याहूनही जुना आहे, आणि सूर्यच ४६० कोटी वर्षांचा आहे. तो जन्मला तेव्हा पृथ्वीच नव्हती, हे मुलांना कळावं असं मला फार वाटतं. यान म्हणून पाठवणी केली की हे सगळं त्यांच्या हातून निसटतं.

एक शंका: आता तो दुर्बिणीतून दाखवता येईल का?

निमिष अलकापुरी | रात्री ९.०५

१९ डिसेंबरला पृथ्वीच्या सगळ्यात जवळ होता, तेव्हाही २७ कोटी किलोमीटरवर. आता अंधुक होत चाललाय, शहराच्या उजेडात आपल्या लहान दुर्बिणीत दिसणार नाही. मी दुर्बीण घेऊन येतो, गुरू आणि त्याचे चंद्र दाखवू. १६ मार्चला अ‍ॅटलास त्याच गुरूपासून साडेपाच कोटी किलोमीटरच्या आतून जाणार आहे, तेव्हा संबंध आपोआप जुळेल.

अनुया (मूळ बडोदा, सध्या पुणे) | रात्री ९.१२

आलेख रविवारी पाठवते. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेबद्दलही सांगा. तिचं सर्वेक्षण सुरू झालं की असे पाहुणे बरेच सापडायची आशा आहे. चौथा सापडेल तेव्हा हीच मुलं कॉलेजात असतील.

शेखरकाका मांजलपूर | रात्री ९.३०

मी येणार आहे. पण माझा प्रश्न मुलांना मीच विचारणार: यान आहे हे कशाने मानाल, ते कागदावर आधी लिहा.

मृण्मयी रावपुरा | रात्री ९.३४

काका, सुरुवात तुम्हीच करा. कागद आणि पेन्सिली मी आणते. मुलांनी लिहिलेलं सगळं गप्पा झाल्यावर इथे टंकते.